विश्लेषण : खांब पाहून मावळातील लेण्यांचा क्रम लावणारे जेम्स फर्ग्युसन कोण होते?

आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात कार्ल्याचे चैत्यगृह हमखास असते. ते जगाच्या वास्तुइतिहासात नेण्यात जेम्स फर्ग्युसन यांचा मोठा वाटा आहे. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज मात्र यांच्या नावाचे नाही. ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाचे. दोघेही स्कॉटिश, म्हणून गल्लत होते.

निळीचा व्यापारी लेण्यांकडे कसा वळला?

फर्ग्युसन यांचा जन्म 1808 मध्ये स्कॉटलंडमधील एअर येथे झाला. वास्तुकलेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. कोलकात्यात निळीच्या धंद्यात पैसा मिळाल्यावर 1835 ते 1842 या काळात त्यांनी देशभर फिरून वास्तूंची रेखाटने आणि टिपणे केली. भारतीय कोरीव लेण्यांवरील त्यांचा निबंध 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत वाचला गेला. त्यानंतर सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीकडे लेणी जपण्याची मागणी केली. अजिंठ्याची चित्रे नकलून घेण्याचे रॉबर्ट गिल यांचे काम त्यातूनच सुरू झाले.

लेण्यांचा क्रम कसा लावला?

जेम्स बर्जेस यांच्यासोबतचा त्यांचा लेण्यांवरील ग्रंथ 1880 मध्ये आला. त्यातला तर्क साधा आहे. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब आत कललेले ठेवतात. डोंगरात कोरलेल्या दालनात त्याची गरज नसते. तरीही भाजे येथील खांब आत झुकलेले आहेत, म्हणजे कारागिरांच्या हाताला अजून लाकडाची सवय होती. बेडसे येथे हा कल कमी होतो. कार्ल्यात खांब सरळ उभे राहतात. म्हणून आधी भाजे, मग बेडसे, मग कार्ला. त्यांच्या काही तारखा पुढे बदलल्या, पण हा क्रम साधारण टिकला. कार्ल्याच्या सुमारे 124 फूट लांब, 37 खांबांच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी आजही दिसतात.

ते कुठे चुकले?

भारतीयांनी दगडी बांधकाम ग्रीकांच्या संपर्कानंतर सुरू केले, हा त्यांचा आग्रह होता. बंगाली विद्वान राजेंद्रलाल मित्र यांनी तो खोडला, तेव्हा फर्ग्युसन यांनी 1884 मध्ये त्यांच्यावर पुस्तकातूनच बोचरी टीका केली. खांबांचा कल अचूक टिपणारी नजर माणसांच्या बाबतीत मात्र साम्राज्याच्या अहंकारातून सुटली नाही. 1886 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्याचे काय?

वास्तू मोजून कागदावर उतरवण्याची शिस्त आर्किटेक्चर कॉलेजांत आजही शिकवली जाते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांच्या अशाच आराखड्यांतून भारतीय वास्तुकलेवर ग्रंथ तयार केला. दगड झिजतो, कमानी कुजतात; मूळ मापे कागदावर असली तरच दुरुस्ती नेमकी करता येते. पुढच्या पावसाळ्यात लोणावळ्याला जाताना मळवलीला उतरलात, तर भाज्याचा धबधबा पाहून परतू नका. वर लेण्यात जा आणि खांब किती कललेत ते बघा.