थोर गणिती महावीराचार्य

इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग मान्यखेटाच्या सिंहासनावर विराजमान होते. आपल्या पिंपरी-चिंचवडहून वेरूळच्या सहलीस जाणारी मुले तेथील जैन लेणी पाहून थक्क होतात. परंतु याच सम्राटाच्या राजवटीत, सन ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

आचार्यांनी स्वतःच्या कुळाविषयी काही नोंदवून ठेवले नाही. ग्रंथारंभी भगवान महावीरांना वंदन आहे, राजाची स्तुती आहे, आणि पाककला, वैद्यक, संगीत, वास्तुविद्या यांपैकी कशालाही गणितावाचून गती नाही असे प्रतिपादन आहे. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांत गणित हे ज्योतिषाच्या सोबतीने येते. आचार्यांनी मात्र संपूर्ण ग्रंथ केवळ गणितास वाहिला.

त्यांचा रसिकपणा गुणाकारातही दिसतो. १५२२०७ ला ७३ ने गुणिले असता १११११११ नव्हे, तर आठ एकांची माळ ११११११११ तयार होते. २७९९४६८१ गुणिले ४४१ केले की १२३४५६५४३२१ हा दोन्हीकडून सारखाच वाचता येणारा आकडा मिळतो. अशा संख्यांना आचार्य कंठहाराची उपमा देतात. देवळालीचे कापरेकर गुरुजी अंकांशी जसे रमत, त्याची येथे सहज आठवण होते.

व्यापारी समाजास विशेष भावेल असे एक उदाहरण पाहा. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. ती मिळाल्यास पहिल्याजवळ इतर दोघांच्या एकत्रित धनाच्या दुप्पट, दुसऱ्याजवळ तिप्पट, तर तिसऱ्याजवळ पाचपट धन होईल. थैलीत किती व प्रत्येकाजवळ किती? उत्तर : थैलीत १५ आणि व्यापाऱ्यांजवळ अनुक्रमे १, ३ व ५. पालकांनी मुलांकडून हा ताळा अवश्य करून घ्यावा. सहा रसांपासून किती प्रकारच्या चवी होतील, हाही प्रश्न त्यांनी घातला आहे. एकेक, दोन-दोन असे धरत गेल्यास त्या ६३ होतात. अशी निवड मोजण्याचा सर्वसाधारण नियम त्यांनी दिला, ही त्यांची मोठीच कामगिरी होय.

ऋण संख्येस वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत मात्र चुकीचे होते. तेही मुलांना सांगावे. एवढ्या मोठ्या आचार्यांनाही जेथे अडखळायला झाले, तेथे आपण अडखळलो तर त्यात लाज कसली?

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी या ग्रंथास तेलुगूत आणले. १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादाची आवृत्ती निघाली, ती आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून.