गाडीवान ते परराष्ट्रमंत्री : अर्नेस्ट बेव्हिन



इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना चर्चिल ठाऊक असतात. अ‍ॅटलीही ठाऊक असतात, कारण भारताला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तेच इथले पंतप्रधान होते. पण त्यांचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचे नाव घेतले की बहुतेकांचा चेहरा कोरा राहतो. 'नाटो'सारखी संरक्षण संघटना आणि आशियाई देशांच्या विकासासाठीची 'कोलंबो योजना' या दोन्हींच्या जन्मात या माणसाचा मोठा वाटा होता. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

बेव्हिन यांचा जन्म १८८१ साली सॉमरसेटमधल्या विन्सफर्ड या खेडेगावात झाला. वडील कोण हे त्यांना कधी कळले नाही. आई लोकांकडे घरकाम करायची. तीही ते आठ वर्षांचे असताना वारली आणि सावत्र बहिणीने त्यांना सांभाळले. अकराव्या वर्षी शाळा सुटली ती कायमचीच. मग शेतावर मजुरी, ब्रिस्टल शहरात पडेल ती कामे आणि पुढे घोडागाडीवरून माल पोचवण्याची गाडीवानी. आपल्यापैकी बहुतेक जण डिग्रीच्या बळावर या देशात आलो. या माणसाकडे कसलेच सर्टिफिकेट नव्हते!

१९१० च्या सुमारास ते गोदी कामगारांच्या युनियनमध्ये आले. १९२० साली गोदी कामगारांच्या मजुरीबद्दल सरकारी चौकशी बसली. एका नामवंत अर्थतज्ज्ञाने किती पैशांत कामगाराचे कुटुंब जगू शकते याचा हिशोब मांडला. बेव्हिन यांनी वादविवाद केलाच, पण शिवाय तेवढ्या पैशांत बसेल इतकेच अन्न शिजवून, ते ताटल्यांत वाढून चौकशी समितीपुढे ठेवले. ताटलीतले ते एवढेसे घास पाहिल्यावर आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. गोदी कामगारांना दिवसाला किमान १६ शिलिंग मजुरी मिळाली आणि बेव्हिन देशभर गाजले. १९२२ मध्ये त्यांनी अनेक छोट्या युनियन एकत्र करून वाहतूक आणि सर्वसाधारण कामगारांची मोठी युनियन उभी केली. विखुरलेल्या, एकमेकांवर संशय घेणाऱ्या लोकांना एका टेबलाभोवती बसवायचे, ही त्यांची खरी विद्या. ती पुढे जगाच्या राजकारणात कामी आली.

१९४० साली चर्चिल यांनी त्यांना युद्धकालीन मंत्रिमंडळात कामगारमंत्री केले. खाणीत माणसे कमी पडू लागली तेव्हा सैन्यभरतीच्या वयातली काही मुले चिठ्ठ्या टाकून खाणीत पाठवण्यात आली. ते हे प्रसिद्ध 'बेव्हिन बॉइज'. याच काळात भारतातले तरुण तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी इंग्लंडला आणण्याची एक योजनाही त्यांच्या नावाने चालली. आम्हा इंजिनिअर मंडळींना हे वाचून विशेष वाटले!

जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि बेव्हिन परराष्ट्रमंत्री झाले. पद मोठे, पण तिजोरी रिकामी. युद्ध जिंकलेल्या ब्रिटनवर अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घेण्याची वेळ आली. युद्धातही जे झाले नव्हते ते १९४६ च्या जुलैत झाले, पाव रेशनवर आला. १९४७ चा हिवाळा तर भयंकर गेला. कोळसा संपला, कारखाने थांबले. त्याच फेब्रुवारीत ब्रिटनने अमेरिकेला कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तानला द्यायची मदत आता आम्हाला परवडत नाही.

५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक छोटे भाषण केले. त्यात ना रकमेचा आकडा होता, ना ठोस योजना. मतितार्थ इतकाच, की युरोपातल्या देशांनी आधी आपसात ठरवावे, मग अमेरिका मदत करील. बेव्हिन यांनी ही बातमी रेडिओवर ऐकली. अधिकृत कागद हातात येण्याची वाट न पाहता त्यांनी हालचाल सुरू केली. दोन आठवड्यांच्या आत ते पॅरिसला पोचले आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बिदो यांच्याशी बोलणी केली. सोव्हिएत रशियालाही बोलावले, पण मोलोतोव्ह यांना सर्वांनी मिळून एक हिशोब मांडण्याची कल्पना मान्य नव्हती. ते २ जुलैला उठून गेले. १२ जुलैला १६ देश पॅरिसमध्ये जमले आणि कोणाला काय हवे, कोण काय पिकवू शकतो, याची एकत्र यादी करू लागले. १९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत युरोपात आली. सर्वांत मोठा वाटा ब्रिटनला मिळाला.

आम्हाला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की मदत घेणारे हात पसरून रांगेत उभे राहिले नाहीत. आधी एकत्र बसले, हिशोब केला आणि मग मागितले. अर्थात अमेरिकेचाही यात स्वार्थ होताच. तिला माल विकायला बाजारपेठ हवी होती आणि युरोपात कम्युनिझम पसरू द्यायचा नव्हता.

पण नुसत्या पैशाने धीर येत नाही, हे बेव्हिन जाणून होते. उद्या सैन्य चालून आले तर नवे कारखाने काय कामाचे? मार्च १९४८ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्सला परस्पर संरक्षणाचा करार केला. त्याच जूनमध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. वीस लाखांहून जास्त लोक अडकले. बेव्हिन यांनी माघार घ्यायला साफ नकार दिला आणि विमानाने शहर जगवण्याच्या बाजूने ते ठाम राहिले. सुमारे २३ लाख टन माल विमानांनी पोचला. (मिठाने साध्या विमानांना गंज लागायचा, म्हणून काही काळ ते समुद्रावर उतरणाऱ्या सी-प्लेनने नेले!) ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनला १२ देशांनी नाटो करारावर सह्या केल्या. ब्रिटनतर्फे सही बेव्हिन यांची होती.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. भारत सोडण्याची तारीख आधीच जाहीर करणे बेव्हिन यांना पसंत नव्हते. १९४७ च्या सुरुवातीला त्यांनी अ‍ॅटलींकडे तसा विरोधही नोंदवला होता. पण तीनच वर्षांनी, जानेवारी १९५० मध्ये, हेच बेव्हिन कोलंबोला राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत पंडित नेहरूंच्या बरोबरीने एका टेबलावर बसले होते. हृदयविकाराने प्रकृती इतकी खालावली होती, की जिना चढणेही जड जात होते. तरी ते आले. त्या बैठकीतून कोलंबो योजना निघाली. भारत कोणत्याही लष्करी गटात गेला नाही, पण या सहकार्यात पहिल्यापासून होता. दिल्लीच्या 'एम्स'साठी न्यूझीलंडने पैसे दिले ते याच योजनेतून. मुंबईजवळ तुर्भ्याला कॅनडाच्या मदतीने 'सायरस' अणुभट्टी उभी राहिली तीही याच योजनेतून. ती १९६० ते २०१० चालली. तिच्यातले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले आणि कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनातले नेहमी एकच असते असे नाही!

बेव्हिन यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. पॅलेस्टाइनचा गुंता त्यांना सोडवता आला नाही. तो प्रश्न १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेला आणि त्यांच्या धोरणावर आजही कडक टीका होते. युरोपातल्या कोळसा-पोलाद एकीकरणापासूनही ब्रिटन त्यांच्याच काळात दूर राहिला.

९ मार्च १९५१ रोजी, सत्तराव्या वाढदिवशी, प्रकृतीमुळे त्यांना परराष्ट्रखाते सोडावे लागले. १४ एप्रिलला त्यांचे निधन झाले. कोलंबो योजना त्यानंतर अडीच महिन्यांनी, १ जुलैला सुरू झाली. ती पाहायला ते राहिले नाहीत.

अकराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलाच्या अस्थी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आहेत आणि लंडन ब्रिज स्टेशनाजवळ टूली स्ट्रीटवर त्यांचा अर्धपुतळा आहे. आमच्यापैकी कित्येक जण रोज त्याच भागात कामाला जातात. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा, आणि ताटल्यांची ती गोष्ट त्यांना तिथेच उभे राहून सांगा. मुलांना ती नक्की आवडेल.