लिंडले मरे : इंग्रजी व्याकरणकार

आमचे विद्यार्थी ‘हळूहळू चाल’ ह्याचें इंग्रजी ‘वॉक स्लोली स्लोली’ असें करितात. मराठींत द्विरुक्ति शोभते. इंग्रजींत एकच ‘स्लोली’ पुरे. अशा चुका सुधारितांना आम्हांस लिंडले मरे ह्यांचें स्मरण होतें.

त्यांचा जन्म इ. स. १७४५ मध्यें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतीं, क्वेकर पंथाच्या कुटुंबांत झाला. न्यूयॉर्क येथें वकिली व व्यापार करून त्यांनीं धन मिळविलें. परंतु प्रकृति ढांसळली. १७८४ सालीं ते इंग्लंडांत गेले व यॉर्क शहराजवळ राहिले. पायांतील शक्ति जाऊन चालणेंही दुष्कर झालें. अशा स्थितींत, मुलींच्या एका शाळेंतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनीं व्याकरण लिहिलें. तें १७९५ सालीं प्रसिद्ध झालें. अनावश्यक शब्द गाळावे व क्रियाविशेषण योग्य जागीं ठेवावें, असें त्यांनीं त्यांत शिकविलें. कारण ‘ओन्ली’ची जागा चुकली, कीं अर्थच पालटतो. पुस्तकाच्या लक्षावधि प्रती खपल्या. ग्रंथांचें उत्पन्न त्यांनीं परोपकारास दिलें. १८२६ सालीं ते निवर्तले.

ज्यांस स्वतः चालवत नव्हतें, त्यांनीं इतरांचीं वाक्यें नीट चालविलीं. मुलांनो, मग धडधाकट असूनही आपलें एक वाक्य पुनः तपासण्याचा आळस तुम्हीं करावा काय?