नाडी आणि श्वासातील खंड ओळखणारे डॉ. विल्यम स्टोक्स

हृदयाच्या ठोक्यांची गती राखणाऱ्या काही पेसमेकरमध्ये आता रुग्णाच्या झोपेतील श्वासोच्छ्वासाची नोंद घेण्याचीही सोय असते. मंदावलेली नाडी आणि खंडित होणारा श्वास, या दोन्ही लक्षणांशी एकाच चिकित्सकाचे नाव जोडलेले आहे. ते म्हणजे आयर्लंडचे डॉ. विल्यम स्टोक्स.

स्टोक्स यांचा जन्म १८०४ मध्ये डब्लिन येथे झाला. त्यांचे वडील व्हिटली स्टोक्स हेही नामवंत वैद्यकतज्ज्ञ होते. एडिनबरा विद्यापीठातून १८२५ मध्ये पदवी घेतली, त्याच वर्षी विल्यम यांनी स्टेथोस्कोपच्या वापरावर पुस्तक लिहिले. हे उपकरण तेव्हा नवीन होते आणि अनेक डॉक्टर त्याकडे साशंकतेने पाहत असत. पुढील वर्षी ते डब्लिनच्या मीथ रुग्णालयात वडिलांच्या जागी रुजू झाले. तेथे सहकारी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्यासमवेत त्यांनी विद्यार्थ्यांना रुग्णशय्येजवळ उभे करून शिकवण्याची पद्धत रुजवली.

नाडी अत्यंत मंद असलेल्या आणि वारंवार शुद्ध हरपणाऱ्या रुग्णांविषयीचा त्यांचा लेख १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट ॲडम्स यांनी असाच रुग्ण १८२७ मध्ये नोंदवला होता. त्यामुळे हा विकार स्टोक्स-ॲडम्स या जोडनावाने ओळखला जातो. हृदय आणि महाधमनीच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८५४ मध्ये निघाला. श्वास हळूहळू वाढत जातो, मग ओसरतो, काही काळ पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, असे वर्णन त्यात आहे. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये अशी नोंद केली होती. या दोघांच्या नावावरून या लक्षणाला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात.

या लक्षणांमागे हृदयाच्या स्नायूंत साचलेली चरबी असावी, असा स्टोक्स यांचा समज होता. हृदयातील विद्युत-संदेश वाहून नेणारी यंत्रणा त्यांच्या निधनानंतर उलगडली. त्यांचे निरीक्षण मात्र टिकून राहिले. १८७८ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र व्हिटली हे केल्टिक भाषांचे अभ्यासक होते. ब्रिटिश राजवटीत त्यांनी भारतात कायद्यांचे मसुदे तयार करण्याचे कामही केले.

स्टॉकहोम येथे १९५८ मध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्टोक्स-ॲडम्स विकाराच्या रुग्णासाठीच होता. आजचे काही पेसमेकर छातीतून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात. श्वास घेताना छातीचा विद्युतरोध वाढतो, तर सोडताना कमी होतो. रात्रीच्या या नोंदीवरून किमान दहा सेकंदांचे खंड मोजता येतात.

हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या रुग्णांत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबण्याचा विकार, बऱ्याच प्रमाणात आढळतो. चेन-स्टोक्स श्वसन हा त्याचाच एक प्रकार होय. झोपेत असल्याने रुग्णाला याची जाणीव नसते आणि निदान राहून जाते. पेसमेकरची नोंद केवळ सूचना देते. निश्चित निदानासाठी निद्राचाचणी आवश्यक ठरते. रात्री श्वास अडणे, मोठ्याने घोरणे किंवा दिवसा सतत झोप येणे, ही लक्षणे हृदयरुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी डॉक्टरांच्या कानावर घालणे हिताचे आहे.