मल्लांचा चित्रकार शुन्शो

कोल्हापूरच्या तालमींत नामांकित मल्लांच्या तसबिरी मोठ्या मानाने लावलेल्या असतात. आपल्या आवडत्या मल्लाची छबी जवळ असावी, अशी हौस अठराव्या शतकात जपानमधील एदो नगरीच्या रहिवाशांनाही होती. आजचे टोकियो ते हेच एदो. छायाचित्रणाची कला तेव्हा अवगत नव्हती. लोकांची ही हौस कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराने पुरविली.

शुन्शोचा जन्म १७२६ च्या सुमारास झाला. उमेदीच्या काळात तो हायाशिया नावाच्या गृहस्थाच्या आश्रयाने राहत असे. चित्रावर उमटविण्यास त्याच्यापाशी स्वतःची मुद्राही नव्हती. म्हणून तो यजमानाचीच घटाकृती मुद्रा वापरी, असे सांगतात. पुढे तो घट हीच त्याची ओळख ठरली.

त्या काळी नटांची चित्रे पुष्कळ खपत; परंतु सर्वांचे चेहरे एकाच साच्यातील असत. वस्त्रावरील चिन्ह पाहून नट ओळखावा लागे. शुन्शोने आणि बुन्चो या त्याच्या समकालीनाने ही रूढी मोडली. ज्याचा चेहरा त्याला, हा नवा नियम त्यांनी घालून दिला.

ही चित्रे लाकडी ठशांनी छापीत. चित्रकाराचे रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून कारागीर रेषेबरहुकूम कोरीत असे. त्यात मूळ रेखाटन नष्ट होई. प्रत्येक रंगासाठी निराळी फळी लागे. मात्र एकदा ठसे सिद्ध झाले, की अल्प किमतीत चित्र सामान्यांच्या घरी पोहोचे.

१७८० नंतर शुन्शो मल्लांकडे वळला. सुमो या जपानी कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर लोटावे लागते, किंवा तळपायाखेरीज त्याचे कोणतेही अंग भूमीस टेकवावे लागते. १७८२ साली ओनोगावा या तरुण मल्लाने, लागोपाठ ६३ विजय मिळविलेल्या तानिकाझेला हरविले आणि सारे एदो थक्क झाले. १७८९ साली या दोघांनाही योकोझुना हा सर्वोच्च बहुमान मिळाला. शुन्शोने त्यांना समोरासमोर उभे करून चितारले. त्याने केवळ धिप्पाड देह रंगविले नाहीत. प्रत्येकाची नजर, जिवणी आणि बांधा न्याहाळून माणूस रंगविला.

उत्तरायुष्यात ठशांची चित्रे मागे ठेवून तो हाताने रंगविलेल्या चित्रांत रमला. १७९३ च्या जानेवारीत त्याचे निधन झाले. मल्लांची चित्रे काढण्याची परंपरा शुन्एई आदी शिष्यांनी पुढे चालविली. जगप्रसिद्ध होकुसाईनेही चित्रकलेचे धडे त्याच्याच हाताखाली गिरविले.

मल्लांचे बळ वयाबरोबर ओसरले, शुन्शोची रेखाटने लाकडाच्या भुशात मिसळून गेली. पण ते चेहरे आजही जगातील संग्रहालयांत ओळखू येतात. सामान्य जनांच्या आवडीच्या माणसांकडे त्याने निरखून पाहिले, हेच त्याच्या कलेचे मोठेपण होय.