गिरणीतील मुले आणि नारायण मेघाजी लोखंडे

सरकारने १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा केला, तेव्हा सात वर्षांखालील मुलास गिरणीत घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात होते. सात वर्षांचा मुलगा नऊ तास साच्यापाशी उभा राहणे हे ‘संरक्षण’ ठरावे, यावरून आधीची स्थिती कळते. शिवाय शंभरांहून कमी माणसांच्या कारखान्यांना तेही लागू नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे जग आतून पाहिले होते. १८४८ साली जन्मलेले लोखंडे रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांचे ते अनुयायी. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालविले.

या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता, हे खरेच आहे. मुंबईचे सूत महाग व्हावे हाच त्यांचा हेतू, असे म्हणून येथील मालकांनी आणि बहुतेक देशी पत्रांनी कायद्याला विरोध केला. तो संशय अगदीच निराधार नव्हता. परंतु परक्याचा हेतू अशुद्ध म्हणून आपल्या मुलांचे हाल शुद्ध ठरत नाहीत, हे मात्र त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. लोखंडे मजुरांच्या बाजूस उभे राहिले. १८८४ साली त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास आधार मागितला होता. बापाचा पगार महिनोन्महिने अडकला तर आई पोराला गिरणीत धाडणारच. तेव्हा या मागण्या मुलांच्याही होत्या.

१८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या कमिशनच्या कामात लोखंड्यांचाही सहभाग होता. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ झाले, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली आणि पन्नास माणसांचे कारखानेही कक्षेत आले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हतीच. कापडगिरण्यांत ती १९११ साली आली. शिवाय जन्माची नोंद क्वचितच असलेल्या वस्तीत मुलाचे खरे वय कोण सांगणार?

१८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्लेगची साथ असताना, रोग्यांची शुश्रूषा करताना त्या रोगानेच लोखंडे वारले.