मेंदूच्या दारावरील एक गोमंतकीय : आबे फारिया

गोव्याच्या सहलीस गेलेल्या तुमच्यापैकी कित्येकांनी पणजीस मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, एक विलक्षण पुतळा पाहिला असेल. लांब झगा घातलेला एक धर्मगुरू हात पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडत आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली तेथे उभारली गेली. पाहणारास वाटते की, त्या हातांतून काही गूढ शक्ती निघून त्या स्त्रीस मोहित करीत आहे. ज्यांचा हा पुतळा, त्या आबे फारियांनी मात्र आयुष्याची अखेरची वर्षे नेमक्या ह्याच समजुतीचे खंडन करण्यात वेचली.

जोझे कुश्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी गावी एका ख्रिस्ती झालेल्या सारस्वत कुळात झाला. ‘आबे’ हे नाव नव्हे. फ्रान्समध्ये धर्मगुरूस लाविली जाणारी ती उपाधी आहे. आईबाप परस्परसंमतीने विभक्त झाले. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, आई जुन्या गोव्यातील मठात जोगीण झाली. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलास घेऊन वडील लिस्बनला गेले. पुढे रोम येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून फारिया १७८० साली धर्मगुरू झाले.

ह्या काळातील एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीतून त्यांस सुचविले की, समोर बसली आहे ती सगळी भाजी आहे, खुशाल चिरून टाक. त्या दोन शब्दांनी भीती पळाली व प्रवचन उत्तम झाले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, फारियांच्या पुढील सिद्धान्ताचे बीज तीत आहे खरे. परीक्षेच्या दालनात ज्यांचे हातपाय गार पडतात, त्यांनी ती अवश्य ध्यानात ठेवावी.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. पितापुत्रांवरही संशयाची छाया पडली. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला गेले आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत सापडले. १८११ साली ते मार्सेय येथील विद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. आमच्याच व्यवसायातील ते एक, असे म्हणण्यास आम्हांस आनंद वाटतो.

त्या वेळी युरोपात मेस्मर नामक वैद्याच्या मताचे वेड पसरले होते. वैद्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याच्या शरीरात जातो व त्यास गुण येतो, असे ते मत. असा द्रव मुळी अस्तित्वातच नाही, असा निर्वाळा १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या मंडळाने दिला होता. परंतु माणसे निद्रिस्त होत, त्यांच्या वेदना थांबत, हे तर लोकांच्या डोळ्यांदेखत घडत होते. मग कारण कोणते? १८१३ साली फारियांनी पॅरिसमध्ये आपले जाहीर प्रयोग सुरू केले. माणसास आरामात बसवावे, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करण्यास सांगावे आणि मग निद्रेची आज्ञा करावी, एवढीच त्यांची रीत. सामर्थ्य करविणाऱ्यात नाही. जो निजतो त्याच्याच मनात ते आहे, हे त्यांचे म्हणणे. जादूगार स्वतःच आपली जादू नाकारू लागला, तर त्यास कोण विचारणार? चुंबकवादी रागावले, काही धर्मगुरूंनी ह्यात सैतानाचा हात पाहिला, आणि १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टिंगल करणारे प्रहसन झाले. गर्दी ओसरली. उदरनिर्वाहापुरते धर्मोपदेशकाचे काम करीत त्यांनी आपला ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १८१९ साली निघाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला मेंदूच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. मोंमार्त्र येथील त्यांच्या थडग्याची खूणही उरली नाही. पुढे द्यूमाने आपल्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ह्या कादंबरीत बंदिवान धर्मगुरूस त्यांचे नाव दिले, आणि लोकांस तो कल्पित फारियाच अधिक ठाऊक झाला.

सर्वच बाबतींत ते बरोबर होते असे नाही. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर निजतात, असे त्यांस वाटे. मज्जातंतूंचे कार्य तेव्हा नीटसे कोणासच कळले नव्हते. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील वैद्यांनी सूचनेचे महत्त्व मान्य केले, आणि मोनिझ ह्या पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञाने १९२५ साली फारियांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

आता तुमच्या पाठ्यपुस्तकातील मज्जासंस्थेची आकृती समोर धरा. बोट पोळले म्हणजे संदेश मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूत, तेथून मेंदूत जातो, हे तुम्ही पाठ केले आहे. १९९७ साली माँट्रियल येथे प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संमोहित माणसांचे हात कढत पाण्यात ठेवून, वेदना अधिक वा कमी असह्य वाटेल अशा सूचना त्यांस दिल्या, आणि मेंदूची चित्रे घेतली. पाणी तितकेच कढत होते; स्पर्श जाणणाऱ्या भागातील हालचालही जवळजवळ तशीच राहिली. मात्र मेंदूच्या दोन अर्धांमधील खाचेत, आतल्या बाजूस, एक पट्टा आहे; वेदनेचा त्रास किती वाटतो ह्याच्याशी त्याचा संबंध. त्याची हालचाल नुसत्या शब्दांनी वाढली आणि घटली. आकृतीत हा पट्टा बहुधा दाखविलेला नसतो. तो तुम्ही पेन्सिलीने काढून घ्यावा.